वासूभाऊंची तीन कोटेशनं

बातमी मला इतवारीत कळली, किराण्याच्या दुकानात, तूरडाळीचा भाव चालू असताना. दुकानदार म्हणाला, तुमचे सक्करदऱ्याचे वासूभाऊ पहाटे गेले. मला रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही. म्हातारपणी पुष्कळांना होतं तसलंच दुखणं होतं, त्यानं मरायचं काही कारण नव्हतं... पण हा माणूस काटकसरीनं गेला.

बांधकाम खात्याच्या स्टोअरमध्ये आम्ही दोघांनी उभा जन्म घालवला. खरेदी वासूभाऊंच्या टेबलावर. झाडू घ्यायचा असो की सिमेंट, तीन दुकानांची कोटेशनं मागवायची आणि सगळ्यांत कमी दराला होकार द्यायचा, हा नियम त्यांच्या अंगात भिनला होता. माणूस धुतल्या तांदळासारखा, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. पण त्या स्वस्त झाडूच्या काड्या आठवड्यात गळायच्या, त्याचं त्यांना सोयरसुतक नसे. नव्या झाडूसाठी पुन्हा तीन कोटेशनं!

रिटायर झाले आणि आणीबाणीतल्या उन्हाळ्यात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. रात्रभर उठबस, अंथरूण ओलं. प्रोस्टेट वाढलंय, असं निदान झालं. झालं, गृहस्थ दर काढायला निघाले! इतवारीतल्या वैद्याचा काढा सगळ्यांत स्वस्त. लकडगंजातला डॉक्टर लघवी तुंबली की रबरी नळी घालून मोकळं करायचा, त्याचे दर खेपेला वेगळे पैसे. तिसरा सर्जन, ऑपरेशनवाला, सगळ्यांत महाग. त्यानं माझ्यासमोर बजावलं होतं, आत्ता केलंत तर खर्च एकदाच. टाळलंत तर किडन्या जातील, मग पैशांची थैली घेऊन आलात तरी मी काही करू शकणार नाही. वासूभाऊंनी मान डोलावली आणि काढा सुरू केला.

मी डोकं आपटून घेतलं. सरकारी इस्पितळात फुकट होईल म्हटलं, तर फुकटाचं कोटेशन कुठं असतं, म्हणून तेही बाद. वर मलाच समजावत होते, "काहून जास्तीचे पैसे द्याचे गा? कमी दरात काम होऊन राहिलं ना."

काम कसलं होत होतं, ते त्यांच्या कण्हण्यावरून गल्लीला कळत होतं. काढ्यानं भागेना तेव्हा नळी आली. नळीनं ताप आला, तापाला इंजेक्शनं आली. एवढ्या पैशात ऑपरेशन होऊन वर काही उरले असते, असं मी मांडून दाखवलं, तर म्हणाले, ते निराळं प्रकरण, त्याची फाईल निराळी. काय बोलायचं अशा माणसाशी? मग त्यांनी त्याहून स्वस्त उपाय शोधला, पाणीच प्यायचं नाही. नागपूरच्या मे महिन्यात! शेवटी तोंड सुजलं, उलट्या थांबेनात, तेव्हा सर्जनकडे नेलं. त्यानं रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि हात टेकले.

परवा सक्करदऱ्याला गेलो होतो. शांतावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंगणात धुण्याच्या दगडापाशी बसल्या होत्या. पुढ्यात चादरी. एवढ्या चादरी कुणाच्या, मी विचारलं. कुणाच्याच नाहीत, म्हणाल्या, सकाळ झाली की पाय इकडंच वळतात. आजारपणाची सगळी वर्षं रोज हेच, ओल्या चादरी, धोतरं, गोधड्या, थंडीतसुद्धा. बोटांची कातडी सोड्यानं फाटलेली. वेळेवर ऑपरेशन केलं असतं तर... असं मी सवयीनं सुरू केलं. त्यांनी पुरं बोलू दिलं नाही.

"तीन जागचा भाव काढला यायनं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माह्या हाताचा कोणं काढला?"

त्यांच्या हातातली चादर स्वच्छ होती. वहिनींनी तिला पुन्हा साबण लावला.