रेघ मारायची राहिली

मेहरूनमावशींचं नाव आधी घेते. मयूर विहारला सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात. मूळ मिरजेच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या, सरकारी ऑफिसात स्टेनो म्हणून निवृत्त झाल्या. मी त्यांच्या मागच्या खोलीतली भाडेकरू. जेवायलाही घालायच्या, पण ते राहू दे. त्यांनी मला वाचून दाखवलं. त्या नसत्या तर माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला कधीच कळलं नसतं.

आता काय झालं ते.

गुरुग्राम. अकराव्या मजल्यावरचं ऑफिस, काचेची खोली, दहा-बारा माणसं. आमच्या प्रकल्पाला निधी देणाऱ्या परदेशी संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. माझा पहिलाच आठवडा. माझं पद गव्हर्नन्स ॲडव्हायझर. म्हणजे गावाचा कारभार कसा चालतो, कसा चालायला हवा, ते या लोकांना सांगायचं. ऑफर लेटर मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत तळाला ठेवलं होतं.

समीर सर उठले. आमचे टीम लीड, पुण्याचे. माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि मॅडमना इंग्रजीत सांगून मग हिंदीत म्हणाले, "ये हमारी स्टार हैं. सिर्फ़ सातवीं पास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या खोलीत प्रत्येकाची ओळख झाली होती. कोणाच्या शिक्षणावर टाळी पडली नव्हती. माझ्या न शिकण्यावर पडली. शाळा आमच्या गावात सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडे. मुलगी म्हणून पाठवली नाही. यात टाळी वाजवण्यासारखं काय आहे?

मग फोटो. सर वाकले आणि मराठीत हळूच म्हणाले, "ताई, पदर डोक्यावर घ्या ना. फोटोपुरता."

बाकी कोणाला कळलं नाही. त्या खोलीत मराठी आम्हा दोघांनाच येत होती. माझीच भाषा, आणि तीच वापरून मला वाकवलं.

मी गावच्या ग्रामसभेत सरपंचाशी भांडले ते उघड्या डोक्यानं. आणि इथे पदर घेतला. वर मीच थँक्यू म्हणाले. माझं तेव्हा तसंच होतं. लिफ्टचं दार कोणी धरलं तरी थँक्यू, कोणी ओरडलं तरी थँक्यू. रोज वाटायचं, आज यांना कळेल की हिला काही येत नाही, आणि परत पाठवतील. माझी मुलगी नांदेडला नर्सिंगच्या होस्टेलवर. ती मैत्रिणींना सांगायची, माझी आई दिल्लीत ॲडव्हायझर आहे.

मला दिल्लीला का आणलं, ते सांगायला हवं. आणलं ते एका रेघेमुळे.

मी ग्रामपंचायतीची सदस्य होते, राखीव जागेवर. आमच्याकडे ग्रामसभेत हजेरीची वही आधी फिरते. बायका सह्या करतात, अंगठे देतात. सह्यांच्या वर पान कोरं असतं. बायका घरी जातात, चुली पेटवतात. मग त्या कोऱ्या जागेत ठराव लिहिला जातो. एकदा मी वही मागून घेतली आणि वाचली. गावचं तळं ठेक्यानं देऊन टाकलेलं. खाली माझी सही. सह्यांत पहिली माझीच.

त्या दिवसापासून मी सभेला पेन घेऊन जायला लागले. सही करायच्या आधी कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारायची आणि लिहायचं, फक्त हजेरी. ग्रामसेवक म्हणाला, "बाई, सरकारी वही खराब करता?" मी म्हटलं, "कोरी ठेवली की खराब होते." मग शेजारच्या गावच्या बायका आल्या, मी त्यांना शिकवलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनाही रेघ मारता येत होती. किनवटकडच्या सात गावांत मला रेघवाली ताई म्हणायला लागले. समीर सर पाहणीला आले होते, त्यांनी हे बघितलं. "ताई, हे जबरदस्त आहे," म्हणाले. दोन महिन्यांनी मी दिल्लीत.

दिल्लीत मला टेबल दिलं, लॅपटॉप दिला. मेल इंग्रजीत यायचे. मी ते छापून घरी न्यायचे. रविवारी सकाळी गॅलरीत मावशी चष्म्यावर भिंग धरून वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. डावा डोळा काचबिंदूनं गेलेला, उजव्यावर काम. वाचता वाचता वैतागायच्या. "हे कोणी लिहिलंय गं? एक वाक्य सुरू झालं की चहा निवतो, तरी संपत नाही. आमचे साहेब बरे होते यार." मग माझं उत्तर त्या इंग्रजीत लिहून द्यायच्या. प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ओळ मी मागून घ्यायचे, मी आभारी आहे अशी. मावशी म्हणायच्या, "दर वेळी कशाला?" मी म्हणायचे, "असू द्या."

मग आमच्याच सात गावांत बैठका ठरल्या. विषय तळ्यांचा. तळ्याचा निर्णय ग्रामसभेनं घ्यायचा, की बाहेरून नेमलेल्या समितीनं? बायकांना विचारायचं काम माझं. बायका आल्या, कारण बोलावणारी मी होते. गंगाबाई म्हणून आहेत, माझ्या आईच्या वयाच्या. त्या उभ्या राहिल्या. "समिती बिमिती नको. तळं आमचं, बोलणं आमच्या सभेत होईल. लिहून घे, ताई." सातही गावांत हेच.

हजेरीचे कागद फिरले. जाड, गुळगुळीत कागद. वर संस्थेचं रंगीत चिन्ह, खाली सह्या, मधे मोठी कोरी जागा. गंगाबाईंनी पेन हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "रेघ मारू का?"

समीर सर शेजारी उभे होते. ज्यांनी मला इथवर आणलं त्यांच्यासमोर त्यांच्याच कागदावर रेघ कशी मारायची? त्यांना काय वाटेल?

मी म्हटलं, "नको गंगाबाई, हे आपलेच लोक आहेत."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही.

महिन्याभरानं अहवालाचा मसुदा आला. गुरुवारी मॅडमसमोर त्यावर ॲडव्हायझर म्हणून माझी सही व्हायची होती. रविवारी मावशी वाचायला बसल्या. बरीच पानं वाचली. मग थांबल्या. मागे गेल्या, परत वाचलं.

"इथे लिहिलंय, सातही गावच्या बायकांनी समितीला मान्यता दिली."

"नाही दिली."

"मागे सह्या जोडल्यात."

"त्या हजेरीच्या."

मावशींनी भिंग खाली ठेवलं. माझी सगळी गोष्ट त्यांना माहीत होती. त्यांनी एवढंच विचारलं, "मग रेघ कुठाय?"

मी उठून आत गेले. बाथरूमचा नळ सोडला आणि रडले. ग्रामसेवकानं केलं तेव्हा राग आला होता. आता राग कोणावर काढायचा? त्यानं माझी एक सही वापरली. मी सात गावच्या आणून दिल्या होत्या.

सोमवारी सरांना गाठलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.

"सर, बायका नाही म्हणाल्या होत्या."

"ताई, रिपोर्टची भाषा असते ती. सगळे असंच लिहितात."

"पण त्या नाही म्हणाल्या."

ते हसले, मग हसायचे थांबले. "सातवी पास बाईला ॲडव्हायझर कोणी केलं? मी केलं ना? गुरुवारी तुम्ही फक्त सही करा. वाचायचं काम आमचं."

लिफ्टचं दार उघडलं, मी बाहेर पडले. थँक्यू म्हणाले नाही, एवढंच.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. सही केली तर गावात कोणत्या तोंडानं जाणार? नाही केली तर नोकरी जाणार, मुलीला काय सांगू? गुरुवारी राजीव चौकला मेट्रो बदलायची होती. मी फलाटावर भिंतीला टेकून खाली बसले. एक गाडी सोडली, दुसरी सोडली, किती सोडल्या कोण जाणे. वाटलं, इथेच बसून राहावं. कोणाला आपण दिसूच नये. एक पोलीसबाई आली. "तबीयत ठीक है?" मी म्हटलं, ठीक है. उठले, कारण ती बघत होती.

तीच काचेची खोली, तेच लोक. मॅडम समोर. सरांनी शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. वर इंग्रजीतला मजकूर, मग कोरी जागा, खाली माझं नाव आणि सहीसाठी ठिपके. "ताई, इथे." आणि हळूच, "पदर."

मी पदर घेतला नाही. मी पेन उघडलं आणि कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रेघ वाकडी आली. खाली मराठीत लिहिलं, सह्या फक्त हजेरीच्या आहेत. बायकांनी नकार दिला आहे. मग ते मोठ्यानं वाचलं.

मॅडमनी समीर सरांकडे बघितलं. सर हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यातला एक शब्द मला येत होता. ग्रेटफुल. माझ्या प्रत्येक मेलच्या शेवटी मीच लिहून घेतलेला. मी आभारी आहे, असं ते सांगत होते. माझ्या तोंडचं म्हणून.

"नहीं," मी म्हटलं. "मैंने ये नहीं कहा."

मग जे म्हटलं होतं ते हिंदीत म्हटलं. औरतों ने मना किया है. सातों गाँव में. ये दस्तख़त हाज़िरी के हैं. गलती मेरी है, मैंने लकीर नहीं मारने दी. हिंदी त्या खोलीत मॅडम सोडून सगळ्यांना येत होती. इंग्रजीही सगळ्यांना येत होती. दहा-बारा माणसं. मी एकेकाकडे बघितलं. कोणीतरी मॅडमना सांगेल म्हणून थांबले. सगळे लॅपटॉपमध्ये बघत होते.

एकानंही सांगितलं नाही.

माझ्यावर टाळ्या वाजवणारे हात हेच.

शुक्रवारी खालच्या गेटवर माझं कार्ड चालेना. गार्ड बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मैडम, ऊपर से बंद किया है." माझा डबा आणि चपला टेबलाखाली होत्या. त्या तिथेच असतील.

अहवाल पुढे गेला की अडला, मला ठाऊक नाही. गेला असेलच. कागदाला दुसरं पान लावता येतं.

मुलीला फोनवर खरं सांगितलं. ती "मग आता?" म्हणाली. उद्या मी गाडीत बसतेय. सातही गावांत जाणार. ग्रामसभा लावायला सांगणार आणि भर सभेत सांगणार, की तुम्ही रेघ मारायला निघाला होता आणि मी तुमचा हात धरला. शिव्या बसतील, त्या ऐकून घेईन. मग वहीत ठराव लिहायचा, समितीला नकार, आणि तो आधी मोठ्यानं वाचायचा, सह्या मग. त्याची प्रत प्रत्येक गावातून दिल्लीला जाईल, टपालानं, पोच घेऊन. आणि यापुढे कागद पुढे करणारा माझ्या सख्ख्या भावासारखा असला तरी रेघ आधी. माझ्यावर उपकार केलेला असला तर आधी दोन रेघा.

मावशी, तुमचा उजवा डोळा किती टिकेल ते डॉक्टर नीट सांगत नाहीत. तुम्ही तो माझ्या कागदांवर खर्च केलात. तुमची जुनी डिक्शनरी मी पिशवीत भरली आहे, विचारून भरली आहे. सातवीपुढचं मी आता शिकणार. पाच वर्षं लागोत, दहा लागोत. एक दिवस त्याच गॅलरीत मी तुम्हाला इंग्रजी अहवाल वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून, एक शब्द न गाळता. आमच्या तोंडी खोटं घातलेलं दिसलं की थांबेन.

तेव्हा पेन तुमच्या हातात देईन, आणि बोट धरून तुम्हाला कोरी जागा दाखवीन. रेघ तुम्ही मारायची.