नाकातला राग

माझा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. इंजिनरूमला आग लागली आणि तो गेला. इथेच, सिंगापूरमध्ये, त्याचे अंत्यसंस्कार केले. मी आणि मुलगी घरी परतलो तेव्हा शेजारचे अंकल उकडलेली अंडी घेऊन दारात उभे होते. ते ज्यू, निवृत्त शिक्षक, बेडोक भागातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर एकटे राहायचे. "आमच्यात दुःखाच्या घरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं असतं," ते म्हणाले. आमच्याकडे शेजारून पिठलं-भात येतो, एवढंच मी बोलू शकले.

मला रडू आलं नाही, राग आला. कंपनीचा माणूस घरी येऊन मऊ आवाजात सांगून गेला होता की, बाहेर पडायची सूचना मिळाल्यावर नवरा नियम मोडून परत आत गेला. तो आत का गेला, ते मला जहाजावरच्या एका खलाशाने फोन करून सांगितलं होतं. आत एक माणूस अडकला होता. कंपनीच्या अहवालात त्या माणसाचा उल्लेखच नव्हता. मी कंपनीच्या त्या गृहस्थाला ज्या आवाजात हाकललं, तो ऐकून माझ्या मुलीने कान हातांनी झाकले. "ममा, डोन्ट शाउट ला," ती इथल्या मुलांसारख्या इंग्रजीत म्हणाली. तेव्हापासून ती माझ्यासमोर हळू चालायला लागली.

आमच्या भिंतीतून अंकलकडे सगळं ऐकू जायचं. अंकलनी मला चहाला बोलावलं. मध्ययुगातल्या ज्यू पंडितांचे ग्रंथ हा त्यांच्या आयुष्यभराचा नाद होता. स्पेनमधल्या एका पंडिताने प्रत्येक भावना एकेका इंद्रियाला जोडली होती, असं त्यांनी सांगितलं. गर्व डोळ्यांत, माया कानांत, आणि राग नाकात.

"आमच्या भाषेतही राग नाकावरच असतो," मी म्हटलं.

ते हसले. मग गंभीर झाले. बहुतेक भावनांत मधला मार्ग धरायचा, पण रागाला तीही सवलत नाही, असं दुसऱ्या एका पंडिताचं मत होतं. तो पेशाने वैद्य. घरच्यांना शिस्त लावायची तर राग चेहऱ्यावर दाखवावा, मनात शिरू देऊ नये.

"आणि माणूस खरंच अन्यायाने गेला असेल तर?"

"तेव्हाही नाही, असं तो म्हणतो."

"मग त्याचं कोणी जळालं नसेल."

अंकलनी कप खाली ठेवला. "त्याचा भाऊ समुद्रात बुडाला होता," ते म्हणाले. "तो कितीतरी दिवस अंथरुणातून उठला नाही. हे ग्रंथ लिहिणारे दगड नव्हते. ज्याला मेलेल्याचं दुःखच होत नाही, त्याला त्यांनी क्रूर म्हटलंय."

मला ते पटलं असं नाही. पण मी रोज संध्याकाळी जायला लागले, मुलगीही यायची. तिथे माझा आवाज चढत नसे.

कंपनीने शेवटची बैठक बोलावली तेव्हा अंकल सोबत आले. मी अडकलेल्या माणसाबद्दल विचारलं. चेहरा कडक ठेवला, आवाज चढू दिला नाही. कंपनीच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अहवाल बदलणार नाही, असं सांगितलं. खलाशाने लेखी काही दिलं नव्हतं. त्यालाही नोकरी टिकवायची होती.

लिफ्टमध्ये अंकल भिंतीला टेकले. "दमलात का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "त्या साहेबाला मारावंसं वाटलं मला. एवढं वाचून काय शिकलो मी?"

मी त्यांचा हात धरला. नवरा गेल्यावर माझ्या बाजूने चिडलेलं पहिलं माणूस ते होते. त्यांना मात्र त्याची लाज वाटत होती. ते परत परत माफी मागत राहिले, माझी नव्हे, बहुधा त्या वैद्याची.

पुढच्या पावसाळ्यात ते हॉस्पिटलात गेले ते आलेच नाहीत. अहवाल आजही तसाच आहे.

चोआ चू कांगच्या दफनभूमीत आम्ही मोजकीच माणसं होतो. अंकलच्या पुतण्याने रीत समजावली. माती लोटून झाली की फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, ढिगात रोवून ठेवायचं. पुढच्याने ते स्वतः उचलायचं. दुःख हातातून हातात जाऊ नये म्हणून.

माझी पाळी आली तेव्हा माती ओली आणि जड होती. मुलगी फावड्याला हात लावायला पुढे आली, मग थबकली आणि मी ते रोवेपर्यंत उभी राहिली.