आठ कन्सोलची सुट्टी

भुताखेतांच्या गोष्टी मी जेवणानंतर ऐकतो, पचनाला बऱ्या असतात म्हणून. विश्वास कधीच नव्हता… तरीही हे लिहितोय.

आम्ही कोलकात्यात बागबाजारला, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. अठराव्या शतकात मराठ्यांना अडवायला इथूनच खंदक खणला होता, त्यामुळे घरमालक बिमलदा मला प्रेमाने ‘बर्गी’, म्हणजे मराठा लुटारू, म्हणतात. बजबजच्या ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले फिटर.

माझी बायको सुमेधा हुगळीतल्या गाळावर पीएच.डी. करत होती. तिच्या संस्थेत मोठा संगणक आहे. त्याचं उद्घाटन दोनदा झालं, वापर एकदाही नाही. शेवटी मी जुने गेम कन्सोल घेतले, त्यांवर लिनक्स चढवलं आणि ते आठही केबलने जोडून घरीच क्लस्टर, म्हणजे गरिबाचा महासंगणक, उभा केला. गणित नऊ दिवसांचं होतं. सोमवारी सकाळी निकाल गाइडच्या टेबलावर हवा होता, नाहीतर सुमेधाची मुदत संपत होती. आणि मी, शहाणा, वेग वाढावा म्हणून मधे सेव्ह करण्याची सोयच काढून टाकली होती. बंद पडलं की पहिल्यापासून!

सातव्या दिवशी, गुरुवारी, विश्वकर्मा पूजा होती. साडेनऊला बिमलदा शेंदूर आणि फुलं घेऊन वर आले.

“ए बर्गी, आज मशीन बंद रखो. आज उसका छुट्टी है.”

“आमच्यात यंत्रांची पूजा दसऱ्याला असते, दादा,” मी हिंदीत म्हटलं. “अजून महिना आहे.”

“मशीन तुम्हारे गाँव में है क्या?” त्यांनी वरच्या कन्सोलला टिळा लावला. “ठीक है, तुम उसको मत बोलो. वो खुद समझेगा.”

ते जिना उतरले आणि आठही पंखे थांबले… एकदम. दिवे हिरवेच, वीज चालू, पण कीबोर्डला उत्तर नाही. मी बटणाकडे हात नेला.

“हात लावू नकोस,” सुमेधा म्हणाली. “बंद केलंस तर सगळं नक्की जाईल. आत्ता गेलंय की नाही, हे माहीत नाहीये.”

इतकं शास्त्रीय वाक्य मी त्या वर्षी दुसरं ऐकलं नाही. दिवसभर आम्ही बसून राहिलो. गच्चीवर पतंग, कुणाचा कापला गेला की “भोकाट्टा!”च्या आरोळ्या. साडेपाचला बिमलदा प्रसाद घेऊन आले, मी दार उघडलं, आणि पंखे सुरू झाले.

लॉगमध्ये एकही चूक नव्हती. नऊ चाळीसच्या ओळीखाली नऊ एकेचाळीसची ओळ. आठही घड्याळं सारखीच मागे पडलेली, जवळजवळ आठ तास. शनिवारी रात्री संपायचं गणित तेवढंच उशिरा, रविवारी पहाटे संपलं. सोमवारी निकाल टेबलावर होता.

न्यू टाउनमधला माझा इंजिनिअर मित्र म्हणाला, “एक अडकला असेल, बाकीचे त्याची वाट बघत थांबले.” असेल. पण घड्याळं कोणाची वाट बघत होती? यावर तो चहा मागवतो.

सुमेधा आता डॉक्टर आहे. यंदा विश्वकर्मा पूजेच्या सकाळी मी स्वतःच आठही बटणं बंद केली. श्रद्धा वगैरे काही नाही हो… पण ते आपणहून सुट्टीवर जाणारच असतील, तर रजा आपण मंजूर केलेली बरी दिसते.