साडूंचा हिवाळा

रोहा सोडून फार लांब कधी न गेलेला, पण कॅनडातला हिवाळा पुरता काढलेला माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे माझे साडू. मफलर, कानटोपी आणि डिंकाच्या लाडवांसकट त्यांनी तो काढला. आणि तोही एप्रिलमध्ये, ज्या दिवसांत रोह्यातली कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीला पोट टेकून पडलेली असतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. कंपनीत शिफ्ट करता करता त्यांना आयुर्वेदाचा नाद लागला. पण ग्रंथात आहे म्हणून मुकाट करायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हे. कुठल्या ऋतूत काय खावं, कसं राहावं, हे ज्यांनी लिहिलं ते रोह्याला कधी आले नव्हते, असं त्यांचं ठाम मत. त्या ग्रंथातला शिशिर आमच्याकडे चार सकाळी येऊन जातो आणि पावसाळा दोन ऋतूंची जागा अडवून बसतो, तेव्हा ऋतुचर्या जागेप्रमाणे बेतून घ्यायला हवी. बेतता बेतता त्यांनी रोह्याची वेगळी केली आणि पेणची वेगळी. माझं पेणला पंख्या-कुलरचं दुकान. आमच्याकडे येताना ते गाडीत नागोठण्यापर्यंत रोह्याची पथ्यं पाळत आणि पुढे पेणची. जेवायला बसले की पापड उचलून ताटाबाहेर. "धरमतरच्या खाडीच्या वाऱ्यातच मीठ हाय, पेणकर. श्वासातनं खाताय, वर पापड कशाला?" माणसाला ते गावाच्याच नावाने हाक मारत, कारण त्यांच्या मते अंग आधी मातीचं, मग आईबापांचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा नोकरीला कॅनडात गेला, तेव्हा त्यांना सगळ्यात मोठं काम मिळालं. बापलेकांत बोलणं मुळातच बेताचं. रविवारी फोन यायचा, आणि कसा आहेस, बरा आहे, यापुढे दोघांनाही सुचत नसे. आता मात्र विषय सापडला. तिकडच्या थंडीची ऋतुचर्या साडूंनी बसवायला घेतली. पण नुसतं सांगायचं आणि पोराने करायचं, हे त्यांना पटेना. आधी स्वतःच्या अंगाला लावून बघायला हवं. म्हणून तिकडे बर्फ पडू लागला की इकडे रोह्यात तिळाचं तेल, उडदाची आमटी, सुंठीचं पाणी आणि पंखा बंद. बर्फ वितळेपर्यंत बंद. रविवारी ते फोनवर सांगत, "लाडू इथं उन्हात पचले, म्हणजे तिथं बर्फात पचणारच." पोरगा म्हणायचा, "खातो बाबा." तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघे. ताई पदराने वारा घेत शेजारच्या ओटीवर जाऊन बसायच्या. "पोरगा गेला कॅनडाला," त्या म्हणायच्या, "आणि हिवाळा पाठवला आमच्या घरी."

गेल्या एप्रिलमध्ये कोलाडला नात्यातलं लग्न होतं. मांडवात माणसं घामाने निथळत होती आणि साडू कानटोपी घालून पंगतीत बसलेले. वाढप्याने मठ्ठा पुढे केला तर द्रोणावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "नको. आमच्याकडं अजून बर्फ वितळला नाय." सगळी पंगत हसली. त्यांच्या शेजारच्या पानावर मी होतो, आणि मीही हसलो.

मी मात्र हसायला नको होतं. मला ठाऊक होतं की मुलगा कॅनडात नाही. आदल्या पावसाळ्यातच त्याची तिथली नोकरी गेली होती आणि एका मित्राच्या ओळखीने तो ऑस्ट्रेलियाला गेला होता. हे त्याने फक्त मला कळवलं. बाबा काळजी करतील, जम बसला की मीच सांगतो, तोवर तुम्ही बोलू नका, म्हणाला. मी हो म्हटलं. कमी बोलणाऱ्या माणसाकडे लोक गुपितं ठेवतात, आणि न बोलण्यालाच तो भलेपणा समजत राहतो. मीही समजलो. संक्रांत गेली, होळी गेली. त्याने सांगितलं नाही, मीही नाही. साडूंना घामोळ्या उठल्या, तर मी पेणहून पावडर नेऊन दिली. एवढीच माझी हिंमत.

त्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत भर दुपारी साडू घरात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी उष्म्याने झालं म्हणून सांगितलं. मी गेलो तर खाटेवर बसलेले, डोक्याला कानटोपी तशीच. मला म्हणाले, "एवढे दिवस निघाले की झालं, पेणकर. मग त्याचापण त्रास संपला."

तेव्हा मी सांगितलं. मुलगा कुठे आहे, कधीपासून आहे, तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं, सगळं.

ते रागावतील असं वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे संक्रांतीला मी त्याला तीळ खा, तेल लाव म्हणून सांगत होतो, तवा तो उन्हात होता?"

"हो."

"आणि 'खातो बाबा' म्हणाला."

मी खाटेजवळचा सुंठीच्या पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"म्हणजे त्या थंडीत मी एकटाच होतो," ते म्हणाले. मग आत हाक मारली, "पंखा लाव गो."

पंखा माझ्याच दुकानातला. महिनोन्महिने बंद राहून पात्यांवर धूळ साठली होती, ती फिरता फिरता साडूंच्या खांद्यांवर उतरत राहिली. त्यांनी झटकली नाही.

त्यानंतर ते चारचौघांसारखे राहू लागले. ताट पुढे आलं की जेवायचे. आमच्याकडे आले तेव्हा पापडही खाल्ला. मला तो मोडल्याचा आवाज सहन झाला नाही. रविवारी फोन येई, आणि कसा आहेस, बरा आहे, एवढ्यावर परत थांबे. ऑस्ट्रेलियाची ऋतुचर्या ते बसवतील अशी मला आशा होती. त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.

यंदा संक्रांतीला मी रोह्याला गेलो. ताईंनी दोघांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. साडूंनी तो खाल्ला नाही, तळहातावरच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेणकर, तिकडं आज ऊन किती?"

मी मोबाइलमध्ये बघितलं आणि जे होतं ते सांगितलं. फार होतं.

त्यांनी मान हलवली, स्वतःचा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुम्हीच खा. इथं थंडी हाय."