टॅबलेटची उचल

किसनरावांनी टॅबलेट माझ्या टेबलावर असा ठेवला, जसं काही तो फुटला तर आयुष्य फुटेल. मागच्या बाजूला लाल टिकली चिकटवलेली होती. ती त्यांच्या उज्ज्वलाची, बारावी झालेल्या मुलीची. शेजारी तीच बसली होती. शिरूर कासारच्या आमच्या बँकेत मी ब्रँच मॅनेजर, आणि यांना हवं होतं एज्युकेशन लोन, ऑनलाइन डिग्रीसाठी.

कर्ज मागणाऱ्याने कोर्सच्या खर्चाचा कागद आणायचा असतो. आम्ही त्याला कोटेशन म्हणतो. यांचं कोटेशन पाटोद्याच्या एका करिअर सेंटरच्या लेटरहेडवर होतं. फी, टॅबलेट, गाइडन्स, नोकरीची हमी, सगळं मिळून दीड लाख. नोकरीची हमी हे शब्द वाचूनच माझं डोकं फिरलं. अशी हमी मला माझ्या बँकेनेसुद्धा दिलेली नाही.

मी विद्यापीठाची वेबसाइट उघडली. विद्यापीठ खरं होतं. कोर्सला परवानगी होती. तीन वर्षांची फी होती साठ हजार. ॲडमिशन थेट वेबसाइटवरूनच घ्यायची, मध्ये कोणतंही सेंटर नाही, असं तिथे ठळक लिहिलेलं होतं. मी स्क्रीन फिरवून दाखवली.

"किसनराव, हे बघा. निम्म्याहून कमी पैशात हीच डिग्री. आपण इथूनच फॉर्म भरू."

त्यांनी स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवून तो वाचला. मग म्हणाले, "न्हाई मॅडम. सेंटरच्या सरांनी आदीच टॅब दिलाय. उचल घेतली की आमी मुकादम बदलत न्हाई."

हे समजायला ऊसतोड माहीत हवी. हंगामाआधी मुकादम मजुरांना आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती फिटेपर्यंत माणूस त्याचा. मध्येच दुसऱ्याकडे गेला तर टोळीत त्याला कुणी उभं करत नाही. किसनरावांनी सांगितलं त्यावरून कळलं, सेंटरवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने आधी टॅबलेट हातात ठेवला, वर 'ही तुमची उचल' असं तोंडाने म्हणाला, आणि पोरीची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली. मला इतका संताप आला की हातातलं पेन मी टेबलावर आपटलं.

"अहो, ही उचल नाही. ही लूट आहे."

"तुमच्या हिशोबानं आसंल," किसनराव म्हणाले. "आमी शब्द दिलाय."

तेव्हा उज्ज्वला वडिलांकडे बघत पहिल्यांदा बोलली. "मॅडम, काही करून कोर्स लागू द्या. पाव्हणे बघून गेलेत. कोर्स लागला तर आमच्या आण्णांना त्यास्नी न्हाई म्हणता येतंय. न्हाईतर दिवाळीच्या आत लगीन हाय."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. उचल मिळते ती नवराबायकोच्या जोडीला. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. कोयता पुरा व्हावा म्हणून हंगामाआधी मुली उजवल्या जातात. या डिग्रीने तिला नोकरी लागेल का, मला माहीत नव्हतं. पण तीन वर्षं तिच्या हातात कोयता येणार नव्हता. आमच्या फॉर्ममध्ये या किमतीसाठी रकाना नाही.

रिजनल ऑफिसच्या साहेबांना फोन केला.

"विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे सर. पण डिग्री साठ हजारांची आणि कोटेशन दीड लाखाचं."

"मग उलट चांगलंच आहे. एज्युकेशन लोनचं टार्गेट अपुरं आहे तुमचं. सँक्शन करा."

"सर, फेडणार ते ऊस तोडून."

"मॅडम, फेडतात ना? मग तुमचा प्रॉब्लेम काय आहे?"

मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर बदली झाली असती.

किसनरावांना समजावण्यात अर्थ नव्हता. त्यांचा नियम मोडायला सांगणारी मी कोण? त्यांच्याच नियमाने जायचं ठरवलं.

"उचल परत केली तर माणूस मोकळा होतो ना?"

"व्हतो की."

"मग शनिवारी पाटोद्याला चला. मला सुट्टी आहे."

सेंटरवाले सर एसीत बसले होते. किसनरावांनी टॅबलेट समोर ठेवला आणि म्हणाले, "उचल फिटली. पोरीची मार्कशीट द्या."

"असं कसं? टॅब वापरलाय. प्रोसेसिंग झालंय," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही बँकेच्या का यांच्या घरच्या?"

"ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवलीय, एवढं एका कागदावर लिहून सही करा," मी म्हणाले. "मग मी कुणाची ते सांगते." माझा आवाज बाहेरच्या रसवंतीपर्यंत गेला असावा, कारण दारात माणसं जमली. सरांनी ड्रॉवर उघडला. आत मार्कशीटांचा गठ्ठा होता. त्यातली एक काढून त्यांनी फेकल्यासारखी दिली.

त्याच संध्याकाळी ॲडमिशन झाली. कर्ज साठ हजारांचंच दिलं. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं अपुरं टार्गेट वाचून दाखवलं. पाहुण्यांना किसनरावांनी 'पोरगी शिकतीय' म्हणून निरोप धाडला. उज्ज्वला हंगामात आईबापांबरोबरच गेली. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करते, धाकट्यांना बघते आणि लेक्चर ऐकते. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला. कोयता मात्र हातात नाही.

डिग्रीची किंमत काढताना फी नंतर बघावी. आपली मूळ कागदपत्रं कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहेत, ते आधी बघावं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या गावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. कोटेशन पुढे केलं, टॅबलेट टेबलावर ठेवला. "सरांनी उचल दिलीय," म्हणाले. मी टॅबलेट उलटा केला. उज्ज्वलाची लाल टिकली तशीच होती.

मी कोटेशन वाचलंच नाही. गाडीची चावी उचलली आणि विचारलं, "मार्कशीट कुणाकडे आहे?"