विमानवाल्यांचं चौथं पान

आधीच सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. उभी नोकरी विमानांची इंजिनं उघडण्यात गेली. आवाज आला म्हणजे त्यामागे एखादा नट सैल असणारच, असा माझा स्वभाव!

आमची वाडी वरंधच्या वर. आजोबांच्या तरुणपणी मागच्या डोंगरावर एक विमान पडलं होतं... जुनं, दोन पंख्यांचं डकोटा. मोठी हरहुन्नरी जात. खुर्च्या बसवल्या की प्रवासी, काढल्या की टपाल, हिरवा रंग मारला की फौज. वाडीने त्याचे पत्रे घरी आणले. आमच्या गोठ्याचं दार अजून त्याच पत्र्याचं आहे, खिडकीसकट. तेव्हापासून सर्वपित्रीला आम्ही पितरांबरोबर ‘विमानवाल्यांची’ पानंही ठेवतो. बाबा चार ठेवायचे आणि चौथ्यापाशी पाण्याचा पेला.

बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावरची ती पहिली सर्वपित्री. पानं मांडायची माझ्यावर आली आणि मी शहाणपणा केला. दाराचा रंग पांढरा, वर निळा पट्टा. म्हटलं, “आई, हे नागरी विमान. फौजी असतं तर चालवणारे चौघे. यात तिघंच असणार.”

“तुझे बाबा चार मांडायचे रे.”

“बाबांना विमानातलं काय कळायचं!”

गोठ्याच्या कौलांवर तीन पानं ठेवली, शेजारी बाबांचं. बारा वाजले, एक, दोन... फणसावर कावळे बसून, पण एकही खाली येईना. बाबांच्या पानाला कावळा शिवल्याशिवाय आई घास घेणार नव्हती. तिला मधुमेह. हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. मी साखर पुढे केली, तिने तोंड फिरवलं. मी पार घाबरलो.

तेवढ्यात आवाज आला. जुनी पिस्टन इंजिनं, दोन — आणि एक अडखळत होतं. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. वर बघितलं तर आभाळ मोकळं. आवाज पुढे गेलाच नाही... गोठ्यावर येऊन घरघरत राहिला. दाराची कडी खडखडायला लागली. वारा अजिबात नव्हता.

आईने वर बघितलंसुद्धा नाही. भिंतीला धरून उठली आणि पेला भरला.

“चौथा जिता व्हता रे,” ती म्हणाली. “तुझ्या आज्याकडं पानी मागत व्हता. आजा म्हनाला, येवढा पत्रा घरी टाकतो, मंग आनतो. पानी घेऊन गेला तवा... काय उरलं नव्हतं. तुझ्या बाबांनी मरताना सांगितलं मला.”

मी दाराकडे बघितलं. मग तिच्या हातातून पेला घेतला, चौथं पान वाढलं आणि शिडी चढलो. पेला कौलावर ठेवला तसं अडखळणारं इंजिन आधी बंद पडलं, मग दुसरं. बाबांच्या पानावर कावळा उतरला. आई जेवली.

शेजारच्या काकूंनी कडी ऐकली होती, विमान नाही. पुढे मी दाराचा रंग खरवडला. पांढऱ्याखाली हिरवा निघाला. तशी युद्धानंतर कितीतरी फौजी विमानं रंगवून विकली गेली, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि त्या आवाजाचं काय, ते मला आजही सांगता येत नाही.

यंदाही चार पानं मांडली. फक्त एक बदल केला... पाणी आधी नेलं.