‘व्हय’ नावाची फाईल

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आईचं स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात कुकर बंद करून मी तिला रेकॉर्डिंग लावलेल्या मोबाईलसमोर बसवलं. "मला नाय सुचत काही, लई लाज वाटती," म्हणत ती तासभर बोलली.

ऑपरेशन होऊन आई घरी आली आणि माणसांनाच टाळायला लागली. दार वाजलं की आतल्या खोलीत. लिहून दाखव म्हणून पाटी आणली, तर ती पलंगाखाली सारली. माझा जीव तुटायचा, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

मी पोटापाण्यासाठी ॲनिमेशन करते. एका मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये तिचंच चित्र काढलं, डोक्यावर पदर, नाकावर घसरलेला चष्मा. एकेक बटण दाबलं की ती त्या रेकॉर्डिंगमधला एकेक शब्द बोलणार. कोड कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवायचा, मग चित्रं आणि आवाज त्याच्याबरोबर एकाच फाईलमध्ये बांधायचे. प्रत्येक आवाजाला एक नाव असतं, कोड त्या नावानं त्याला हाक मारतो. नाव चुकलं तर हे सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

मोठ्या थाटात लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. तिनं पहिलंच बटण दाबलं. पडद्यावरच्या आईनं मान हलवली, ओठ उघडले, आवाज नाही. पुन्हा दाबलं. ओठ नुसतेच हलले. आईनं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि उठून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक सापडली तेव्हा हसावं की रडावं कळेना. त्या पहिल्या बटणाच्या आवाजाच्या फाईलला मी तिचं ऐकत ऐकत ‘व्हय’ नाव दिलं होतं. कोड लिहिताना मात्र माझी शाळेतली शहाणी मराठी आडवी आली. तिथं होतं ‘होय’. खेड्यात, पिशोरला वाढलेल्या माझ्या आईनं हा शब्द जन्मात कधी उच्चारला नव्हता.

मी कोड बदलला. फाईलच्या नावाला हात लावला नाही.

पुन्हा दाखवायची हिंमत नव्हती. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत दिवाणावर उघडाच ठेवून आत मेथी निवडत बसले. संध्याकाळी शेजारीण दारातून ओरडली, "मावशी, हाय का घरात?"

मी उठणार, तोच बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"व्हय."

शेजारीण चपला काढून सरळ आत आली.